एकट्याने निघावे, एकटे राहू नये

बंगळूरमधल्या एखाद्या मोठ्या गृहसंकुलात सकाळी दहाच्या सुमारास डोकावून पाहावे. मुलगा-सून कामावर गेलेली असतात, नातवंडे शाळेत. सातव्या-आठव्या मजल्यावरच्या घरात सातारा, सोलापूर किंवा नागपूरहून मुलाकडे राहायला आलेली आई एकटीच असते. खाली बागेत समवयस्क बायका भेटतात, पण कोणी कन्नड बोलते, कोणी तेलुगू, कोणी तमीळ. एकमेकींकडे पाहून हसणे होते, बोलणे मात्र पुढे सरकत नाही. संध्याकाळी मुले परत येईपर्यंत घरात आवाज असतो तो टीव्हीचा.

याच आईने एखाद्या रात्री जेवताना विषय काढला, ‘‘मी चार दिवस एकटीच फिरून येऊ का?’’ की घरात एकदम काळजी पसरते. ‘‘अगं आई, तू एकटी कुठे जाणार? वाटेत बरं वाटेनासं झालं तर? आम्हाला सुट्टी मिळाली की सगळेच जाऊ.’’ ती सुट्टी दिवाळीतून उन्हाळ्यात जाते आणि उन्हाळ्यातून पुन्हा दिवाळीत.

मुलांची ही काळजी खोटी नसते. पण आई रोज आठ-दहा तास बंद दाराआड एकटी असते, याची भीती कोणाला वाटत नाही. माणसांनी भरलेल्या रस्त्यावर ती एकटी निघाली की मात्र वाटते. बाबा एकटे राहिले असतील तर त्यांच्या बाबतीतही थोड्याफार फरकाने हेच घडते.

वाळवंटातला शेजार

एकट्याने प्रवास करणाऱ्याला करमायचे कसे, त्याने बोलायचे कोणाशी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, अगदी वाळवंटात पाहायला मिळते. तेथे क्वार्ट्झसाइट नावाचे एक लहानसे गाव आहे. उन्हाळ्यात ते सुनसान असते. थंडी सुरू झाली की मात्र उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून आणि कॅनडातून लोक आपापल्या घरगाड्या घेऊन येतात. घरगाडी म्हणजे झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर हे सारे जिच्या पोटात आहे अशी मोटार. गावाजवळच्या सरकारी जमिनीवर शुल्क भरून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल एवढा काळ मुक्काम करता येतो. या गर्दीत निवृत्त माणसे पुष्कळ, आणि त्यांत एकटी राहणारीही कमी नाहीत.

अशा एकट्या माणसांसाठी ‘लोनर्स ऑन व्हील्स’ नावाचा क्लब १९६९ सालीच निघाला. याच परिसरात जानेवारीत भरणारा गाडीवासीयांचा मेळावाही प्रसिद्ध आहे. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ सालच्या पुस्तकात या जगाचे वर्णन आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात खरीखुरी गाडीवासी माणसेही पडद्यावर दिसतात. सगळेच काही हौसेने गाडीत राहत नाहीत. घरभाडे परवडत नाही म्हणून चाकांवर संसार थाटलेलेही पुष्कळ आहेत, हेही त्या पुस्तकात स्पष्ट सांगितले आहे.

तरीही त्यांच्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संध्याकाळी एके ठिकाणी शेकोटी पेटते. प्रत्येक जण आपला एखादा पदार्थ घेऊन येतो, गप्पा होतात. मग ज्याची त्याची गाडी आणि ज्याचे त्याचे दार. हवी तेवढी सोबत आणि हवा तेवढा एकांत, असा हा हिशेब आहे.

आपल्याकडे अशा गाड्या अजून थोड्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. बंगळूरमध्येही खासगी कंपन्यांकडून अशी गाडी भाड्याने मिळते, पण ती बहुधा चालकासह, आणि एकट्याच्या खिशाला जड. म्हणून ज्याला स्वतःची मोटार चालवता येते त्याने ती घ्यावी, नाहीतर भाड्याची गाडी किंवा सरळ एसटी. कर्नाटकात जून २०२३ मध्ये ‘शक्ती’ योजना सुरू झाली आणि राज्यातला पत्ता असलेले ओळखपत्र दाखवणाऱ्या महिलांना राज्याच्या साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवासाची सोय झाली. तेव्हापासून देवदर्शनाला आणि माहेरी एकट्याने निघणाऱ्या बायका या गाड्यांतून कितीतरी दिसू लागल्या.

कोरड्या मुलखाची वाट

बंगळूरच्या आसपास खरे वाळवंट नाही. पण पुण्याच्या रस्त्याने वायव्येला निघाले की दीड-दोन तासांत हिरवाई विरळ होत जाते. पश्चिम घाट पावसाचे ढग अडवतो आणि तुमकूरच्या पुढचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. मोठमोठ्या शिळांच्या टेकड्या, बाभळी, भुईमुगाची आणि कांद्याची शेते, डोंगरमाथ्यावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. माणदेश किंवा सांगोला-जत पाहिलेल्या मराठी माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. तीन-चार दिवसांच्या एकट्या प्रवासासाठी ही वाट फार चांगली आहे. रस्ता उत्तम, गावे जवळ जवळ, आणि पाहण्यासारखे पुष्कळ.

निघण्याआधी बंगळूरमध्येच मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरात जाऊन यावे. या देवस्थानाला छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६६९ साली एक गाव इनाम दिले, तसा शिलालेख आहे. पुढे तंजावरची मराठी गादी स्थापन करणारे हेच व्यंकोजी. विजापूरच्या फौजेने १६३८ साली बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. मुलाच्या नोकरीमुळे ज्या शहरात येऊन पडलो असे वाटते, तेथे साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी दरबार भरत होता, हे कळले की शहर थोडे आपले वाटू लागते.

पहिला मुक्काम शिऱ्याला करता येईल. बंगळूरपासून अंतर सुमारे १२० किलोमीटर. विजापूरचा सुभेदार मलिक रिहान याची कबर आणि मोगलांच्या काळातली जुम्मा मशीद येथे आहे. १६८७ नंतर हे मोगलांच्या सुभ्याचे ठाणे होते, पुढे काही काळ मराठ्यांकडेही आले. शिऱ्याजवळ कग्गलाडु नावाचे खेडे आहे. तेथे चित्रबलाक आणि राखी बगळे गावातल्या झाडांवर घरटी करतात. अंगणातल्या झाडावर पाखरे आणि खाली गुरे बांधलेली, असे दृश्य असते. गावकरी या पाखरांना त्रास होऊ देत नाहीत. दुर्बीण घेऊन झाडाखाली उभे राहिले की कोणीतरी जवळ येतेच. पाखरे दाखवता दाखवता ओळख होते आणि चहा नको म्हणणे अवघड जाते.

दुसऱ्या दिवशी हिरियूरजवळचे वाणीविलास सागर पाहावे. लोक त्याला मारीकणिवे म्हणतात. म्हैसूर संस्थानाने वेदवती नदीवर बांधलेले हे धरण १९०७ साली पुरे झाले. दोन टेकड्यांच्या खिंडीत ते असे बसवले आहे की समोर उभे राहिल्यावर भिंत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते चटकन कळत नाही. १९३३ साली ते सांडव्यावरून वाहिले. त्यानंतर पुन्हा वाहिले ते थेट २०२२ साली, ८९ वर्षांनी. त्या वेळी पाणी पाहायला माणसांची रीघ लागली होती. कोरड्या मुलखात भरलेल्या धरणाला काय किंमत असते, हे दुष्काळी भागातल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

तिसरे ठिकाण चित्रदुर्ग. बंगळूरहून अंतर २०० किलोमीटरच्या आसपास. सात तटांचा हा किल्ला प्रचंड शिळांमध्ये जणू विणलेला आहे. हैदरअलीने तो १७७९ साली मदकरी नायकाकडून घेतला. त्याआधीच्या वेढ्यातली ओबव्वेची कथा येथे प्रत्येक जण सांगतो. पहारेकरी नवरा जेवायला घरी आलेला. ही पाणी आणायला गेली, तर तटाच्या एका अरुंद फटीतून शत्रूचे शिपाई एक एक करून आत शिरताना दिसले. घरातले मुसळ घेऊन ती फटीपाशी उभी राहिली आणि आत येणाऱ्याच्या डोक्यात घालीत गेली. ती फट आजही पाहता येते. किल्ल्यावरची पाण्याची व्यवस्थाही मुद्दाम पाहावी. एक तळे भरले की पाणी खालच्या तळ्यात उतरते. त्यातल्या दोन तळ्यांचे नाव ‘अक्का-तंगी’, म्हणजे थोरली आणि धाकटी बहीण.

शेवटी चित्रदुर्गाहून पश्चिमेला चन्नगिरी तालुक्यात वळावे. सुपारीच्या बागा लागतात आणि कोरडा मुलूख मागे पडतो. येथेच होदिगेरे हे गाव आहे. १६६४ च्या जानेवारीत शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला तो याच परिसरात. त्यांची समाधी गावात आहे. मोठा थाटमाट नाही. शिवनेरी आणि रायगड पाहिलेल्या माणसाला येथे येऊन दोन मिनिटे गप्प उभे राहावेसे वाटते. शहाजीराजांचे उत्तरायुष्यही घरापासून दूर, याच कानडी मुलखात गेले होते.

ओळख कशी वाढवावी

चौघे मिळून प्रवास करतात तेव्हा ती चौघे आपापसांतच बोलत राहतात, बाहेरचा माणूस त्यांच्यात शिरत नाही. एकट्या प्रवाशाचे तसे नसते. त्याच्या शेजारची जागा मोकळी असते आणि तेथे कोणीही येऊन बसू शकते. एसटीत शेजारच्या बाईने शेंगांची पुडी पुढे केली तर दोन शेंगा घ्याव्यात आणि आपल्या डब्यातली वडी द्यावी. एवढ्याने सुरुवात होते.

भाषेची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. कानडी मुलखात भेटल्यावर कुशल विचारण्याची रीत म्हणजे ‘‘ऊट आयता?’’, जेवण झाले का? हे दोन शब्द आले तरी समोरचा चेहरा खुलतो. ‘एष्टु’ म्हणजे किती आणि ‘नीरु’ म्हणजे पाणी. अक्का, अण्णा, अप्पा तर मराठीतही आहेतच. वयाने मोठ्या बाईला ‘अम्मा’, बरोबरीच्या बाईला ‘अक्का’ म्हणावे. चळ्ळकेऱ्याच्या बाजूला कुरुबांनी विणलेली कांबळी दिसली तर ती आपल्या धनगरांची घोंगडीच आहे हे ओळखावे आणि विणणाऱ्याला तसे सांगावे. हातवाऱ्यांनी का होईना, अर्धा तास गप्पा होतात.

खाण्याच्या जागा ओळखीसाठी उत्तम. खानावळीत कोपऱ्यातले टेबल न घेता मोठ्या टेबलावर बसावे. नाचणीचा उंडा, म्हणजे रागी मुद्दे, कसा खायचा असे विचारले की चार जण शिकवायला पुढे येतात. तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो. किल्ल्यावर वाटाड्या घेतला तर माहिती मिळते आणि दोन तासांची सोबतही. हिवाळ्यात शाळांच्या सहली असतात. निवृत्त शिक्षिकेला तेथे विद्यार्थी आपणहून शोधत येतात.

मात्र सारा दिवस बोलण्यात घालवण्याचीही गरज नाही. नको वाटेल तेव्हा हसून निरोप घ्यावा. एकट्याने निघण्याचे सुख तेही आहे. एखाद्या तळ्याच्या पायरीवर तासभर बसायचे तर ‘चला, उशीर होतोय’ म्हणणारे कोणी नसते.

काळजी कोणती घ्यावी

घरच्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये. तिला सोयीने उत्तर द्यावे. हा प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावा, उन्हाळ्यात शिळा तापतात. किल्ला सकाळी लवकर चढावा आणि पाणी बरोबर ठेवावे. मुक्काम तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात, आगाऊ ठरवलेल्या ठिकाणी असावा आणि सूर्य मावळण्याआधी तेथे पोहोचावे. आपण एकट्या आहोत आणि कोणत्या खोलीत उतरलो आहोत, हे वाटेतल्या ओळखीच्यांना सांगू नये. गप्पा बाहेर, चारचौघांत कराव्यात. नेहमीची औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत, आणि रक्तगट, आजार व मुलाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक पाठ असावेत.

सर्वांत उपयोगी म्हणजे घरी फोन करण्याची वेळ ठरवून टाकणे. सकाळी निघताना एक आणि रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर एक. मधल्या वेळात मुलांनी दर तासाला फोन करायचा नाही, हेही त्याच वेळी ठरवावे. पहिल्यांदा चार दिवस जमत नसतील तर एकच दिवस जावे. सकाळच्या गाडीने शिरे, संध्याकाळी परत. घरच्यांचा धीर असाच एकेका फेरीने वाढतो.

रात्रीच्या त्या फोनवर बहुतेक मुलांना एक नवल वाटते. रोज ‘‘काय केलंस आज?’’ या प्रश्नाला ‘‘काही नाही रे’’ म्हणणारी आई आता पाखरांच्या गावाबद्दल, ओबव्वेच्या मुसळाबद्दल आणि एसटीत शेजारी बसलेल्या अक्कांच्या मुलीच्या लग्नाबद्दल सांगत असते. ‘‘आई, जेवलीस का?’’ असे मुलगा विचारतो. तिला आता त्याचे कानडी उत्तरही येते.