दोष रोग्याचा की औषधाचा?

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण बहुधा स्वभावाविषयी वापरतो. परंतु औषधोपचारांच्या बाबतीतही ती अक्षरशः खरी आहे. रोग तोच, मात्रा तीच. तरी एकाला गुण येतो, दुसऱ्याला येत नाही. मग ‘ह्याने औषध नीट घेतले नसेल, पथ्य पाळले नसेल’ असे म्हणून आपण रोग्यालाच दोषी ठरवितो. हा न्याय कितपत योग्य आहे?

‘हेपटायटिस सी’ हा यकृताचा विषाणुजन्य विकार घ्या. त्यावर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाव्हिरिनच्या गोळ्या असा पुष्कळदा वर्षभर चालणारा, त्रासदायक उपचार असे. तो सोसूनही अनेक जण बरे होत नसत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रोग्यांत तर यश गोऱ्यांपेक्षा बरेच कमी येई.

आनुवंशिकतेची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. २००९ साली संशोधकांना एकोणिसाव्या गुणसूत्रावर ह्या लिपीतील एकाच अक्षराचा फरक आढळला. अनुकूल अक्षर माता व पिता दोघांकडूनही लाभले असेल, तर रोगी बरा होण्याचा संभव सुमारे दुपटीने वाढे. गोऱ्या व कृष्णवर्णीय रोग्यांतील तफावतीचा जवळजवळ अर्धा उलगडा ह्या एका अक्षराने झाला. विशेष हे की, ते अक्षर दोन्हीकडून लाभलेले कृष्णवर्णीय रोगी, ते मुळीच न लाभलेल्या गोऱ्या रोग्यांपेक्षा अधिक प्रमाणात बरे होत. कातडीच्या रंगावरून प्रकृतीची परीक्षा करणे किती फसवे, हे ह्यावरून कळून येते.

तथापि, ‘तुझ्या रक्तातच गुण नाही’ असे रोग्याला सांगण्यासाठी हे ज्ञान वापरले गेले, तर ज्ञानाचा तो दुरुपयोगच होय. जन्मतः लाभलेले अक्षर म्हणजे ललाटलेख नव्हे. २०१३ सालापासून सोफोसबुव्हिरसारखी, थेट विषाणूवरच घाव घालणारी औषधे आली. त्यांच्या संयुक्त उपचाराने शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी, बहुधा तीन महिन्यांत, बरे होऊ लागले आणि त्या अक्षराचे महत्त्व फारसे उरले नाही. रोग्यांची गुणसूत्रे होती तीच राहिली. पालटले ते औषध.

माझ्या मते आम्हां शिक्षकांनीही ह्यातून धडा घ्यावा. एखादा विद्यार्थी मागे पडला की त्याच्या बुद्धीला नावे ठेवणे सोपे असते. त्याआधी आपण आपली शिकविण्याची रीत एकदा तपासून पाहिली आहे काय?