तपासणीवरचा खर्च वाया जात नाही



‘लस आली, आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर पैसा कशाला?’ हा आपल्या वृत्तपत्राच्या लेखातील सवाल मुळात चुकीचा आहे. लस मुख्यतः ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी. त्यांच्या आयांचे काय?

खेड्यात तपासणी जमत नाही, हेही खरे नाही. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगाच्या विषाणूच्या) चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणी महाग म्हणाल, तर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला व्हिनेगर लावून तपासले. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगरला किती पैसे लागतात?

भोकरदन तालुक्यातील प्रत्येक उपकेंद्रात तिशीपुढच्या बायकांची तपासणी व्हावी, त्यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा.

– एक वाचक, पिंपळगाव रेणुकाई (जि. जालना)