साधना कट आणि आमची लेक



गेल्या महिन्यात आमच्या घरी एका कात्रीवरून मोठा तंटा झाला. दहावीच्या फॉर्मसाठी लेकीचा फोटो काढायचा होता. आदल्या रात्री तिने आरशासमोर उभे राहून पुढचे केस कापले आणि कपाळावर सोडले. सकाळी मी ते पाहिले आणि आवाज चढवला, "शाळेत शिकायला जातेस की सिनेमात काम करायला?" पोर रडू लागली. मग कळले, वर्गातल्या मुली तिला कपाळावरून चिडवतात. "पप्पा, माझं कपाळ मैदानासारखं आहे म्हणतात. मला फोटोच काढायचा नाही," ती म्हणाली.

मला काय बोलावे सुचेना. माझी आत्या त्या दिवशी आमच्याकडे आली होती. सत्तरी ओलांडलेली बाई. ती बसल्या जागी हसली. "अगं, हा तर साधना कट! मीपण कापले होते असेच."

लेकीने डोळे पुसून विचारले, "साधना कोण?"

नव्या पिढीने हा प्रश्न विचारावा यात तिची चूक नाही. म्हणून आज ही माहिती.

साधना शिवदासानी यांचा जन्म २ सप्टेंबर १९४१ रोजी कराचीला, सिंधी कुटुंबात झाला. फाळणीत घरदार सोडून हे कुटुंब मुंबईला आले. 'श्री ४२०' (१९५५) या राज कपूरच्या सिनेमात एका गाण्यात नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात ती उभी होती. तेव्हा तिचे नावही कुणाला ठाऊक नव्हते. पुढे १९५८ साली 'अबाना' हा सिंधी सिनेमा तिने केला आणि १९६० साली 'लव्ह इन शिमला' मध्ये ती नायिका झाली.

या सिनेमाच्या वेळी अडचण आली ती कपाळाची. तिचे कपाळ रुंद होते आणि कॅमेऱ्यात ते जास्तच दिसे. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांच्या डोळ्यांसमोर हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न होती. 'रोमन हॉलिडे' (१९५३) या सिनेमातले तिचे आखूड केस आणि कपाळावरची झालर जगभर गाजली होती. नय्यर यांनी साधनाचे पुढचे केस तसे कापायला लावले. उणीव झाकण्यासाठी केलेली ही युक्ती. पण सिनेमा लागला आणि लोकांना ती झालरच आवडली. तिला नाव मिळाले 'साधना कट', आणि हे नाव आजही केस कापणाऱ्या बायकांना सांगितले तर कळते.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट पाहा. नटीची साडी महाग, दागिना त्याहून महाग. गिरणी कामगाराच्या मुलीने ते फक्त पडद्यावर पाहायचे. पण साधना कटला पैसा लागत नव्हता. घरातली कात्री आणि एक आरसा पुरे. म्हणून ही फॅशन बंगल्यातून चाळीत यायला वेळ लागला नाही.

दुसरी गोष्ट कपड्यांची. 'वक्त' (१९६५) मध्ये साधनाने अंगाबरोबर बसणारा कुडता आणि तंग चुडीदार घातला आणि तरुण मुलींनी तो उचलला. ते कपडे तयार करणाऱ्या भानू अथय्या आपल्या कोल्हापूरच्या. याच बाईंनी पुढे 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवले. भारतीयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर.

तिसरी गोष्ट झुमक्याची. १९६४ साली राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हा मराठी सिनेमा आला होता. त्यावरूनच राज खोसला यांनी साधनाला घेऊन 'मेरा साया' (१९६६) काढला. त्यात बरेलीच्या बाजारात झुमका हरवल्याचे आशा भोसले यांनी गायलेले गाणे आहे. त्या एका गाण्यापायी बरेली शहराने २०२० साली चौकात सुमारे चौदा फुटी झुमका उभारला. नटीच्या कानातला दागिना शहराची ओळख होतो, म्हणजे सिनेमा लोकांच्या मनात किती खोल जातो ते बघा!

हे सगळे मी लेकीला सांगत होतो. पण तिला आत्याच्या केसांचे पुढे काय झाले ते ऐकायचे होते. आत्याने सांगितले ते असे.

साल १९६६. आत्या चौदा वर्षांची. चाळीच्या गल्लीत पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवला, त्यात तिने साधना पाहिली आणि दुसऱ्या दिवशी केस कापले. आजीने डोक्यावर तेल थापले आणि ते केस पिना लावून मागे ओढले. "चाळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस!" संध्याकाळी आजोबा गिरणीतून आले. सगळ्यांना वाटले, आता मार बसणार. आजोबांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि आजीला म्हणाले, "महाडाहून आल्यावर माझ्या आईनं कथलाचे गोठ काढून टाकले आणि लुगडं घोट्यापर्यंत नेसली. तेव्हा अख्खा गाव हसला होता. आता आपणच आपल्या पोरीला हसायचं का?"

आपल्या वाचकांना हा इतिहास नवा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की, ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते ते सोडा, आणि कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. त्या बायांनी लुगड्याची पद्धत बदलली. ती नटवेपणासाठी नव्हती, माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी होती. महाडच्या लुगड्याची आणि सिनेमातल्या केसांची बरोबरी मी करीत नाही. पण बाईने कसे दिसावे हे गाव, भावकी आणि शेजार ठरवणार की ती स्वतः, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

मी खाली मान घातली. आजोबा चौथीपर्यंत शिकलेले, मी बी.कॉम. पण त्या सकाळी शहाणे कोण होते ते उघड होते.

मात्र साधनाची गोष्ट इथे संपत नाही आणि पुढची बाजूही मुलींनी ऐकावी. ऐन भरात असताना तिला थायरॉईडचा आजार झाला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला. उपचारासाठी ती अमेरिकेत बोस्टनला गेली. परत येऊन तिने १९६९ साली 'इंतकाम' आणि 'एक फूल दो माली' केले, १९७४ साली 'गीता मेरा नाम' स्वतः दिग्दर्शित केला. मग ती पडद्यावरून बाजूला झाली. पुढे वर्षानुवर्षे तिने फोटो काढून घेणे टाळले. लोकांनी आपल्याला तरुणपणी पाहिले तसेच लक्षात ठेवावे, असे तिला वाटे. ज्या चेहऱ्याची नक्कल देशभरच्या मुलींनी केली, त्याच चेहऱ्याने तिला कॅमेऱ्यापासून दूर ठेवले. २०१४ साली मात्र कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ती गुलाबी साडी नेसून लोकांसमोर आली. २५ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईत तिचे निधन झाले.

लेकीला मी एवढेच म्हणालो, "केस कसे ठेवायचे ते तू ठरव. पण कुणी चिडवलं म्हणून तोंड लपवू नकोस."

दुपारी मी अर्धी रजा टाकून तिला स्टुडिओत घेऊन गेलो. फोटोवाला म्हणाला, "ताई, केस जरा बाजूला घ्या, चेहरा स्पष्ट पाहिजे." मला वाटले, आता पुन्हा रडारड. पण तिने स्वतःच पिन काढली, केस मागे घेतले आणि कॅमेऱ्याकडे सरळ पाहिले. बाहेर आल्यावर पिन काढून केस पुन्हा कपाळावर सोडले.

फॉर्म भरला आहे. परीक्षेची तयारी चालू आहे. आईबापांना एकच विनंती : मुलीने केस कापले तर आवाज चढवण्याआधी का कापले ते विचारा. मी आधी विचारले नाही, म्हणून हे लिहिले.