आधी दाखविले, मग मागितले

चित्रपटाची आवड म्हणजे निव्वळ खर्चाची बाब, असे व्यापारी घरांतील वडीलधारी मंडळी पूर्वीपासून मानत आली आहेत. रोजमेळ जुळल्याखेरीज रात्रीच्या खेळाला जाण्याची मुभा मिळत नसे. या दृष्टीने पाहता दादासाहेब फाळके यांचे चित्रपटवेड ही खर्चाच्या बाजूची फार मोठी रक्कम ठरली असती. ती जमेच्या बाजूला कशी आली, हे पाहण्यासारखे आहे.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. वय चाळिशीचे, छपाईच्या धंद्यातील भागीदारी सोडलेली, संसाराची जबाबदारी डोक्यावर. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहू लागले, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखांत नमूद केले आहे. घरी येऊन केवळ वर्णन करण्यावर ते थांबले नाहीत. पत्नी सरस्वतीबाई यांनाही त्यांनी तो चित्रपट नेऊन दाखविला. जे स्वप्न आपण पाहिले ते घरच्या माणसानेही पाहावे, एवढाच त्यामागचा व्यवहार. परंतु पुढच्या सर्व व्यवहारांचा पाया तोच ठरला.

त्यानंतर त्यांनी इतके चित्रपट पाहिले, की डोळ्यांवर ताण येऊन दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती सुधारली. मग विमापत्रे तारण ठेवून त्यांनी कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनची बोट धरली. तेथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलमध्ये ते परतले.

आता खरा प्रश्न भांडवलाचा होता. या देशात पूर्ण लांबीचा कथाचित्रपट निर्माण करण्याचा धंदाच अद्याप उभा नव्हता. अशा उद्योगाला धनको कशाच्या भरवशावर पैसा देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा ठेवला आणि रोपाच्या वाढीची चित्रे दिवसेंदिवस टिपली. पडद्यावर ते रोप पाहता पाहता मातीतून वर आले आणि वाढले. ही चिमुकली फिल्म पाहून धनकोचा विश्वास बसला आणि कर्ज मंजूर झाले. मालाचा नमुना आधी, मागणी नंतर, ही बाजारपेठेची जुनी रीतच त्यांनी पाळली.

तरीही रक्कम अपुरी पडली, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने तारण म्हणून गेले. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम अंधारात बसून करावे लागे. तेही त्यांनी केले. काम करणाऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. अंगावरचे सोने कशासाठी जाते आहे हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती; त्यांनी ते पडद्यावर पाहिले होते.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. मुंबईबाहेर मात्र दोन आण्यांत तासन्‌तास नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला या छोट्या खेळासाठी तीन आणे जड वाटत. तेव्हा जाहिरात झाली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, अवघ्या तीन आण्यांत! हिशेब करून पाहावा. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट आणि दर फुटाला १६ चित्रे. म्हणजे ५७,००० चा आकडा वास्तवाला धरून आहे. परंतु दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. सत्यवचनी राजाच्या कथेला जाहिरातीत जवळजवळ तिप्पट माप लागले! दाखविण्याऐवजी नुसते सांगण्याची वेळ आली, की मापात अशी वाढ होते.

१९१८ मध्ये धनिक भागीदारांसह हिंदुस्तान फिल्म कंपनी स्थापन झाली. भांडवल विपुल आले, पण मतभेदही आले आणि फाळके काही काळ बाजूला झाले. अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. धनिकांशी जुळलेली भागीदारी विस्कटली. दागिने देणारी घरची भागीदारी मात्र टिकली.

आजही पेढीवरचा मुलगा एखाद्या अनोळखी धंद्यासाठी घरातून रक्कम मागतो, तेव्हा वडील कागदावरचे आकडे तपासतात आणि आई गप्प राहते. अशा मुलाने कागद पुढे करण्यापूर्वी दोघांनाही एकदा सोबत न्यावे आणि जे आपण पाहिले ते त्यांना दाखवावे. नकार मिळाला तरी तो पाहून दिलेला असेल. आणि होकार मिळाला, तर अडचणीच्या दिवशी मागे फिरणार नाही असा भागीदार घरातच लाभेल.