मातृभाषेचा रकाना



परवा रात्रीची जपमाळ आटोपल्यावर आमची नात हातातील मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, पुन्हा जनगणना होणार आहे. ह्या खेपेस माहिती आपली आपल्यालाही भरता येईल. तुमची मातृभाषा कोणती लिहायची?"

प्रश्न साधा होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्वतःची मातृभाषा ठाऊक नसावी, असे कोण म्हणेल? तरीही मी तिला म्हटले, "बाळ, आज राहू दे. मी विचार करून सांगेन." ती हसली. "ह्यात विचार कसला करायचा, आजोबा?" असे म्हणून ती झोपावयास गेली. मला मात्र त्या रात्री फार उशिरापर्यंत झोप आली नाही.

आपल्या देशात मागील जनगणना २०११ साली झाली. पुढची २०२१ साली व्हावयाची होती, ती महामारीमुळे लांबणीवर पडली. अखेर १६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरवून दिली. जनगणनेत भाषेची विचारपूस १८८१ सालापासून होत आलेली आहे. इतर गावांत ह्या प्रश्नाचे उत्तर माणूस चुलीपाशी बसल्या बसल्या देऊन टाकतो. आम्हा सीमाभागातील लोकांना मात्र तो विचारला की घरातील जुने पेटारे उघडावे लागतात.

आमचा गाव खानापूर तालुक्यातला. कणकुंबीच्या डोंगरात उगम पावणारी मलप्रभा आमच्या शिवारापासून फार दूर नाही. मी १९४८ साली जन्मलो तेव्हा हा मुलूख मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. त्याच दिवशी बेळगाव जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा निराळा काढून मुंबई राज्यात ठेवण्यात आला, आणि पुढे १९६० साली तो महाराष्ट्रात आला. १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले. २०१४ साली बेळगावचे बेळगावी झाले. इतके सारे घडले, पण आमच्या घराचे एक कौलदेखील जागचे हलले नाही. अंगणातील फणस जिथे होता तिथेच राहिला. त्याच्या सावलीचा पत्ता मात्र बदलत राहिला.

माझे बाबा मराठी शाळेत शिक्षक होते. आमचे पूर्वज कधी काळी घाट चढून गोव्यातून इकडे आले. परंतु बाबांची सारी निष्ठा मराठीवर जडलेली होती. १ नोव्हेंबरला बेळगावात एका बाजूस राज्योत्सव होई आणि दुसऱ्या बाजूस मराठी माणसे काळा दिवस पाळीत. बाबा त्या दिवशी दंडाला काळी फीत बांधून मिस्सेला जात. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे आणि २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत, अशी त्याची शिफारस होती. ते वृत्त वाचून बाबांनी त्या रात्री अन्नाला हात लावला नाही. त्या शिफारशीप्रमाणे काही घडले नाही, हे वाचकांस ठाऊक आहेच.

आणि आमची आई, जिला आम्ही मांय म्हणत असू, ती सासष्टीतली. लग्न होऊन ती घाटावर आली तेव्हा तिच्यासोबत एक लाकडी पेटी, एक मोठा क्रूस आणि तिची कोंकणी एवढीच मालमत्ता होती. बाबा आम्हांशी मराठीत बोलत, मांय कोंकणीत. शाळेचा धडा बाबांच्या भाषेत आणि तेर्स मांयच्या भाषेत. ताटात पडलेल्या भाताला आम्ही बाबांसमोर भात म्हणत असू आणि मांयसमोर शीत. ह्यात काही वेगळे आहे, असे आम्हां मुलांना कधी वाटलेच नाही. नदीला दोन काठ असावेत तशा घराला दोन भाषा होत्या.

पुढे १९५५ साल उजाडले. गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर हिंदुस्थान व गोवा यांमधील येणेजाणे बंद पडले. कॅसलरॉकवरून दूधसागराच्या बाजूने खाली उतरणारी आगगाडी थांबली. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मांय सायंकाळी परसात उभी राहून पश्चिमेकडील डोंगरांकडे पाहत असे, एवढे मला आठवते. १९५७ साली तिची आई वारली. ती बातमी जंगलवाटेने आलेल्या एका माणसाच्या तोंडून आम्हांस कळली तेव्हा मातीला पाच आठवडे होऊन गेले होते. मांयने त्या रात्री एकटीने तेर्स म्हटला. बाबा शेजारी गुडघे टेकून बसले होते. त्यांना त्या प्रार्थना येत होत्या, तरी ते बोलले नाहीत. दुःख तिचे होते, म्हणून भाषाही त्यांनी तिचीच राहू दिली असावी, असे आज वाटते.

परंतु त्याच बाबांनी चार वर्षांनी एक गोष्ट केली. १९६१ सालच्या जनगणनेत आमच्या वाड्याची मोजणी त्यांच्याकडे होती. एका संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात ते आमच्याच घराची माहिती लिहीत बसले होते. प्रत्येकाच्या नावापुढे मातृभाषेच्या जागी त्यांनी "मराठी" लिहिले, मांयच्या नावापुढेसुद्धा. मी शेजारी बसून पाहत होतो आणि उत्साहाने मोठ्याने वाचून दाखवीत होतो. चुलीपाशी भाकरी भाजणारी मांय मान वर न करता म्हणाली, "म्हाका कोणें विचारलें?"

बाबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अगं, कोंकणी ही मराठीचीच बोली. शिवाय आज एकेक डोके मोलाचे आहे." मांयने भाकरी उलटली. तो विषय तेथेच संपला, असे आम्हांस वाटले.

त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पुढील मे महिन्यात आम्ही सारे एका मालमोटारीतून अनमोडचा घाट उतरून गेलो. मांय आपल्या आईच्या थडग्यापाशी बसून तिच्याशी बोलत होती. इतक्या भरभर, इतक्या मोकळेपणाने बोलताना मी तिला आमच्या घरात कधी ऐकले नव्हते.

वाचकहो, आता माझी स्वतःची गोष्ट सांगावयास हवी. २०११ सालच्या फेब्रुवारीत जनगणनेसाठी एक तरुण शिक्षिका आमच्या पडवीत येऊन बसली. बाबा तोवर देवाघरी गेले होते. मांय चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती आणि कोपऱ्यातील आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेली असे. मातृभाषा विचारताच मी तत्काळ "मराठी" म्हणून सांगितले. माझी मराठी आणि मांयचीही मराठी. पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी जे केले तेच मी केले, आणि तेही अभिमानाने. शिक्षिका निघून गेल्यावर मांयने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "पुता, तुजी मांय मराठी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी वाद घातला असता. मी काहीच बोललो नाही. तीन वर्षांनी ती गेली. ह्या घरातील कागदांवर तिची भाषा दोनदा चुकीची लिहिली गेली. एकदा नवऱ्याच्या हातून आणि एकदा मुलाच्या तोंडून.

म्हणूनच नातीच्या प्रश्नाने माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी आमच्याच धर्मग्रामातील एक उमदा तरुण भेटावयास आला. मराठी शाळेसाठी तो मनापासून झटतो. त्याला हा विषय सांगताच तो म्हणाला, "काका, तुम्ही तरी मराठीच लिहा. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक शेकडा पंधरा वा अधिक असतात, तेथे सरकारी सूचना आणि कागदपत्रे त्या भाषेतही मिळावीत, असे ठरलेले आहे. आकडा घसरला तर मागणार कशाच्या बळावर?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. राज्यघटनेच्या ३५० क कलमात अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय सांगितलेली आहे, आणि अशा सोयीसाठी भांडावयाचे तर आकडा लागतोच. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल केलेल्या दाव्याला दोन दशके उलटून गेली. अशा वेळी माणसे आकड्यांना घट्ट धरून बसली तर त्यांना दोष कसा द्यावा? त्याला काय उत्तर द्यावे हे मला त्या क्षणी सुचले नाही.

तो गेल्यावर मी बाबांचे पुस्तकांचे कपाट उघडले. त्यात त्यांचे जीर्ण "ख्रिस्तपुराण" आहे. उपवासकाळात ते त्यातील ओव्या आम्हांस वाचून दाखवीत आणि म्हणत, "पाहा, इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट धर्मगुरू, फादर स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आला, आणि प्रभूची कथा सांगण्यासाठी त्याने निवडली ती मराठी!" हे खरेच आहे. राचोल येथे १६१६ साली छापलेला तो ग्रंथ मराठी भाषेचे भूषण आहे. परंतु बाबांनी आम्हांस एक गोष्ट सांगितली नव्हती. ह्याच स्टीफन्स धर्मगुरूंनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली ते राचोललाच छापले गेले. ओव्या मराठीत रचल्या म्हणून त्यांनी कोंकणीला कमी लेखले नाही. कोंकणीचे नियम बांधले म्हणून मराठी सोडली नाही. दोन्ही घरांत ते पाहुणे म्हणून गेले आणि दोन्ही घरी सन्मानाने बसले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांच्या आत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. हुकूम काढणारे गेले, त्यांचे राज्यही गेले. आणि कोंकणी मात्र आमच्या मांयच्या तोंडून घाट चढून आली. १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिला स्थानही मिळाले. जी भाषा राजाच्या हुकमाने मेली नाही, ती मी माझ्याच घरात एका रकान्यातून पुसून टाकावी काय?

त्या रात्री मी नातीला बोलावले आणि विचारले, "मातृभाषा म्हणजे काय, ह्याचा काही नियम त्यात दिला आहे का पाहा." तिने शोधून वाचून दाखविले. व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे, ती मातृभाषा; आई लहानपणीच वारली असल्यास त्या काळी घरात मुख्यत्वे बोलली जात असे ती भाषा. ह्याखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषा मागील खेपेस निराळ्या लिहून घेतल्या होत्या. मी थक्क झालो. सरकारी नियमात, जेथे कोणी प्रेम शोधावयास जाणार नाही, तेथे आईचे बोलणे हीच कसोटी म्हणून लिहिलेली होती. राज्य कोणते, शाळा कोणती, अभिमान कशाचा, ह्यांपैकी काहीच विचारलेले नव्हते.

"मग माझी कोंकणी," मी म्हटले, "आणि पुढे मराठी व कन्नड."

माझी पत्नी चंदगडची. ती म्हणाली, "माझी मराठी. त्यात काय विचारायचे?" मग नात जरा घुटमळली. तिची आई, म्हणजे आमची सून, धारवाडकडची. नात हळूच म्हणाली, "आजोबा, आई मला लहानपणी कन्नडमध्येच जोजवायची. मग माझी कन्नड होते. तुम्हांला चालेल ना?"

काळी फीत बांधणाऱ्या बापाचा मी मुलगा. क्षणभर माझ्या छातीत काहीतरी हलले, हे मी लपवीत नाही. पण स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. ती काही बोलली नाही. हातातील पातेले घेऊन तशीच उभी राहिली. चुलीपाशी न बोलता भाकरी उलटणारी मांय मला त्या दारात दिसली. मी नातीला म्हटले, "मला चालण्याचा प्रश्नच नाही, बाळ. तुझ्या आईला विचार." सुनेने हसून मान डोलावली आणि आत गेली.

त्या तरुण मित्राला आता माझे उत्तर तयार आहे. मराठीचे ऋण मी नाकारीत नाही. तिने मला अक्षर दिले, पोट दिले, आणि वाचकहो, तुमच्याशी बोलण्याची ही जागा दिली. परंतु ते ऋण खोट्या नोंदीने फिटत नाही. मुलांना मराठी शाळेत घालावे, वाचनालयाची वर्गणी भरावी, घरी साप्ताहिक येते ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. ह्याने भाषा जगते. आकडा खरा असेल तरच त्याच्या बळावर काही मागता येते; आणि ज्यांनी शेजाऱ्याच्या आईची भाषा खरी मोजली, त्यांची मागणी शेजारी ऐकून तरी घेतो.

आपल्या घरीही लवकरच कोणी तरी वही किंवा मोबाईल घेऊन येईल. तेव्हा वडीलधाऱ्यांनी सर्वांच्या वतीने झटपट उत्तरे देऊ नयेत, एवढीच विनंती. घरात म्हातारी आई असेल तर खुर्ची तिच्याजवळ ओढावी आणि तिलाच विचारावे. माझ्या मांयला विचारावयाचे राहून गेले. तिच्या नावापुढे आता काही लिहिता येणार नाही. माझ्या नावापुढे मात्र तिची भाषा लिहिली जाईल. आज रात्रीचा तेर्स तिच्या भाषेत म्हणावा, असे आम्ही घरी ठरविले आहे. सुनेला आणि नातीला तो येत नाही. पण दोघीही शिकावयास बसणार आहेत.