इंजिन मरताना नेमकं काय ऐकू येतं?

कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर खेळणाऱ्यांची जमात मोठी चिकित्सक. स्पिटफायरच्या पंखावरचा रंग अर्ध्या छटेनं चुकला तरी यांची झोप उडते. मेसरश्मिटच्या कॉकपिटमधलं एखादं घड्याळ दोन इंच डावीकडे हवं होतं, यावरून चार-चार दिवस वाद चालतात. पण त्याच विमानाच्या इंजिनाला गोळी लागली की काय होतं? फट्, फट्, फटाक्. काळा धूर, स्क्रीनवर एखादी लाल ओळ, आणि मंडळी एकदम खूश. वा, काय रिअ‍ॅलिस्टिक आवाज आहे!

माझं म्हणणं असं आहे की हा आवाज बहुतेक वेळा साफ खोटा असतो. आणि तो खोटा असल्यामुळे गेमचं होणारं नुकसान चुकलेल्या रंगापेक्षा कितीतरी मोठं आहे. कारण रंग ही सजावट आहे, आवाज ही माहिती आहे.

आधी आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पुष्कळ गेम्समध्ये इंजिन बिघडणं हा एक बूलियन असतो. डॅमेज्ड बरोबर ट्रू, की वाजव ती खोकल्याची फाइल. निरोगी इंजिनाचा आवाजसुद्धा वर्षानुवर्षं असाच बनत आला आहे. काही सेकंदांचं रेकॉर्डिंग घ्यायचं, ते गोल फिरवत ठेवायचं आणि आरपीएम वाढला की पट्टी चढवायची. बिघाड झाला की त्यावर दुसरी फाइल चिकटवायची. म्हणजे सर्व्हर कशानंही पडो, युजरला दिसणार एकच वाक्य : 'काहीतरी चुकलं आहे.' असा एरर मेसेज लिहिणाऱ्या ज्युनियरला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. गेममध्ये मात्र त्यालाच टाळ्या!

आता थोडं गणित. घाबरू नका, भागाकारापलीकडे काही नाही :-)

स्पिटफायरमधलं रोल्स-रॉइस मर्लिन हे बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन. फोर-स्ट्रोक म्हणजे दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटणार. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० फेरे, म्हणून एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो आणि बारा मिळून ३०० स्फोट होतात. समजा गोळी लागून एक सिलिंडर गेला. त्या ३०० मधले २५ ठोके गळाले. सेकंदाला वीसच्या आसपास किंवा पुढे गेलं की आपला कान ठोके मोजणं सोडून देतो, त्याला ती नुसती घरघर वाटते. म्हणजे फुल थ्रॉटलला एक सिलिंडर मेल्यावर 'फट्, फट्' ऐकू येणारच नाही. आवाज खरखरीत होईल, जणू इंजिनाचा घसा बसलाय, आणि सगळं विमान बारीक थरथरायला लागेल.

तेच इंजिन ६०० आरपीएमवर आयडलिंगला आणा. आता मेलेला सिलिंडर सेकंदाला पाचच वेळा चुकतो. हा खड्डा कानाला स्पष्ट कळतो. थोडक्यात, गेममधला लाडका खोकला बऱ्याचदा धावपट्टीवर उभ्या असलेल्या आजारी इंजिनाचा असतो. तो ताशी पाचशे किलोमीटरनं उडणाऱ्या विमानाला लावून दिलेला असतो.

दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक चांगल्या लढाऊ विमानांना कॉन्स्टंट स्पीड प्रोपेलर होता. त्याचा गव्हर्नर पात्यांचा कोन बदलत राहतो आणि आरपीएम ठरवलेल्या आकड्यावर धरून ठेवतो. इंजिनाची ताकद कमी झाली तर तो पात्यांचा कोन कमी करतो, भार हलका होतो आणि आरपीएम तिथंच राहतो. म्हणजे आवाजाची पट्टी उतरतच नाही! इंजिन अर्धमेलं असताना सूर तोच, फक्त त्याचा पोत बिघडलेला, आणि वेगाचा काटा हळूहळू खाली. पात्यांचा कोन आणखी कमी करायला जागाच उरली नाही की मगच सूर ढासळतो. जो गेम गोळी लागल्याबरोबर आवाज केविलवाणा खाली आणतो, त्याला गव्हर्नर नावाची वस्तू माहीतच नाही असं समजा.

तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरला भोक पडलं तर पहिली काही मिनिटं आवाजात काहीच फरक पडत नाही. तापमानाचा काटा तेवढा चढत जातो. मग नॉकिंग, मग ताकद जाणं, आणि शेवटी इंजिन सीझ. ऑइल गळालं तर आधी प्रेशरचा काटा पडतो, नंतर बेअरिंग वाजायला लागतं. ते खोलवरचे, जड ठोके एकदा सुरू झाले की फार वेळ उरलेला नसतो. उलट थंडरबोल्टसारख्या विमानातलं अठरा सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं रेडियल इंजिन. त्याला रेडिएटरच नाही, आणि एखादा सिलिंडर गेला तरी सतरा शिल्लक असतात. ते बोंबलत, थरथरत का होईना, घरी आणण्याची शक्यता बरीच जास्त. या तिन्ही मरणांना एकच फाइल लावणं म्हणजे सर्दी, हार्ट अटॅक आणि मोडलेल्या पायाला एकच 'आई गं' लावण्यासारखं आहे.

हे जमू शकतं याचा पुरावाही मर्लिनमध्येच आहे. सुरुवातीच्या मर्लिनच्या कार्बुरेटरमध्ये फ्लोट होता. स्टिक एकदम पुढे ढकलली की निगेटिव्ह जीमुळे इंधन भलतीकडे जायचं आणि इंजिन गचका खायचं. जर्मन डीबी ६०१ मध्ये थेट इंजेक्शन असल्यामुळे मेसरश्मिटवाला खुशाल नाक खाली घालून पळून जायचा. १९४१ मध्ये बिअ‍ॅट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी इंधनाच्या वाटेत बसवायची एक छोटी चकती काढली आणि हा त्रास बराच आवाक्यात आला. चांगल्या सिम्युलेटरमध्ये हा गचका आहे. तो ऐकला की अनुभवी खेळाडूला लगेच कळतं की हा बिघाड नाही, स्टिक ओढली की इंजिन परत येईल. आवाजामागे कारण असलं की कान शिकतो. कारण नसलं की नुसता दचकतो.

कानाचं हे शिक्षण आपल्याकडे कुठे बघायला मिळतं सांगू? आहुप्याच्या रस्त्यावर. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाचं, सह्याद्रीच्या कड्यावरचं हे गाव ट्रेकवाल्यांना नव्यानं सांगायला नको. गावाची देवराई, पलीकडे एकदम तुटलेला कडा आणि खाली खोपिवलीकडे उतरणारा घाट. घोडेगाव, डिंभे धरण असं करत तिथं जाताना एकदा आमच्या जीपचे मामा आमच्या गप्पांच्या मधेच म्हणाले, "जरा गप बसा रे पोरांनो, एक नोझल मारत नाहीये." आम्हा चार इंजिनिअरांना ओ की ठो कळलं नव्हतं. मामांनी गाडी बाजूला घेतली, आयडलिंगला ठेवली, डोकं वाकडं करून ऐकलं आणि नेमका कुठला सिलिंडर काम करत नाही ते पाइप ढिले करून पाहत शोधून काढलं.

मघाचं गणित आठवलं का? चढावर त्यांना घरघर बदललेली कळली, आणि ठोका मोजायला त्यांनी आरपीएम खाली आणला. सूत्र कुणी शिकवलं नव्हतं. डिंभ्याच्या पाण्यावर डिझेल पंप चालवणाऱ्याचंही तेच. पंपानं पाणी सोडलं की भार जातो आणि इंजिनाचा ठोका हलका होतो. हे त्याला बांधावर बसल्याबसल्या समजतं. आणि पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये माइक आणि सेन्सर लावून इंजिनांच्या आवाजाचा आणि कंपनांचा शास्त्रशुद्ध अभ्यास चालतो, तोही शेवटी याच गोष्टीचा. आवाज म्हणजे निदान. सिम्युलेटरनं मला हे निदान करू द्यावं, एवढीच माझी मागणी आहे. लाल ओळ काढून टाका, मला ऐकू द्या.

आता जेटकडे येऊ, कारण इथं 'रिअ‍ॅलिस्टिक' या शब्दाची खरी परीक्षा होते. २७ मे १९९९, कारगिल युद्ध. फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता बटालिक भागात मिग-२७ घेऊन हल्ला करत होते. ही विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात परवान्याखाली बनायची. रॉकेट्स डागल्यानंतर इंजिन फ्लेमआउट झालं, म्हणजे आतली ज्वाला विझली. एकच इंजिन, खाली हिमालय. त्यांना इजेक्ट करावं लागलं, ते पाकिस्तानच्या ताब्यात सापडले आणि जूनच्या सुरुवातीला परत आले.

या प्रसंगाचा आवाज काय असेल? 'फट् फट्' नक्कीच नाही. ज्वाला विझल्यावर टर्बाइनची घूं उतरत जाते, पाठीवरचा रेटा जातो, आणि उरतो तो बाहेरच्या हवेचा आवाज. इंजिन मेल्याची खूण म्हणजे काहीतरी वाजणं नव्हे, वाजायचं थांबणं. गेम बनवणाऱ्याला ही शांतता ठेवायची हिंमत होत नाही. त्याला वाटतं, पोरांना कळणार नाही, म्हणून तो एक स्फोट टाकतो. आणि तिथंच आत एक माणूस बसला आहे, ही गोष्ट निसटते. स्फोट म्हटलं की फटाके आठवतात, मजा येते. ती शांतता नीट ऐकवली तर पोटात खड्डा पडतो. युद्धाचा खेळ खेळताना कधीतरी तो पडायला हवा, असं मला वाटतं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आहुप्याच्या शेजारच्या जुन्नर भागातच १९६२ साली एक भीषण अपघात झाला होता. ६ आणि ७ जुलैच्या मधल्या रात्री, ऐन पावसाळ्यात, बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व ९४ जण गेले. चौकशीतून निघालं ते असं : दिशा-अंतराच्या हिशेबात चूक झाली, मुंबई आहे त्यापेक्षा जवळ आली असं वैमानिकाला वाटलं आणि विमान फार लवकर खाली आणलं गेलं. चार जेट इंजिनांचं हे विमान इंजिनं बिघडून पडलं नव्हतं. म्हणून इंजिनाचा आवाज ठीक आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे असा होत नाही. कान, काटे आणि नकाशा या तिघांची साक्ष जुळवायची असते. खरा सिम्युलेटर ती जुळवायला लावतो. खोटा सिम्युलेटर खोकल्याची फाइल वाजवून सगळा तपास आपणच उरकून टाकतो.

आता आक्षेप. पहिला : बिघडलेल्या मर्लिनचं रेकॉर्डिंग आणायचं कुठून? जगात चालू स्थितीतली इंजिनं थोडी, ती मुद्दाम कोण फोडेल? बरोबर आहे, पण फोडायची गरजच नाही. एकेका सिलिंडरचा स्फोट सुटा ध्वनी म्हणून तयार करा आणि क्रँकच्या कोनाप्रमाणे वाजवा. सिलिंडर मेला की त्याचा ठोका गाळा. सिम्युलेशन आधीच सिलिंडरचा हिशेब ठेवत असेल तर आवाज त्यातूनच आपोआप निघेल. आजच्या प्रोसेसरला सेकंदाला ३०० ठोके म्हणजे दाढेखाली घालायलाही पुरणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खऱ्या वैमानिकाच्या कानावर हेल्मेट आणि हेडफोन असतात, बरंचसं त्याला कानापेक्षा बुडाखालून कळतं. मान्य. मग ते बुडाखालून द्या! जॉयस्टिक थरथरवा, काट्यांच्या सुया नाचवा, आवाज दबलेला ठेवा. रिअ‍ॅलिस्टिक म्हणजे मोठ्ठा असं कुणी सांगितलं?

तिसरा : लोक दिवसभर ऑफिसात डोकं पिकवून रात्री अर्धा तास खेळतात, त्यांना कशाला हा अभ्यास? ठीक आहे, त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक टिकमार्क ठेवा. लाल ओळ हवी त्यानं लावावी. पण 'फुल रिअ‍ॅलिझम' असं नाव देऊन विकलेल्या मोडमध्ये ती ओळ आणि तो खोकला नको.

असो. आज रात्री खेळायला बसलात तर एक करून बघा. स्क्रीनवरचे सगळे मेसेज बंद करा, पार्श्वसंगीत बंद करा आणि गोळी लागल्यावर फक्त आवाजावरून सांगायचा प्रयत्न करा की नेमकं काय गेलं. सिलिंडर, पाणी की ऑइल? सांगता आलं, तर गेम बनवणाऱ्यानं त्याचं काम केलंय. नाही आलं, तर पंखावरच्या रंगाची छटा बरोबर आहे की नाही यावर भांडत बसायला आपण मोकळे आहोतच.