दह्यावाचून अडत नाही

कोशिंबीर म्हटली की दही, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं झालंय की कुणी बिनदह्याची मागितली तर पानात नुसत्या काकडीच्या चकत्या येतात. वर चिमूटभर मीठ, झालंच तर लिंबाची फोड. ती वाटी 'पथ्याची' म्हणून वेगळी काढलेली असते, आणि ती खाणारं माणूसही मग आपोआप वेगळं पडतं. हॉटेलात सॅलड मागवलं तरी तीच गत. रँचमध्ये ताक, सीझरमध्ये चीज, आणि आपल्याकडच्या 'अंडेविरहित' मेयोनेजच्या काही बाटल्यांत चक्क दुधाची भुकटी. गंमत म्हणजे मूळ मेयोनेजमध्ये अंड्याचा बलक, तेल आणि आंबट एवढंच असतं, दुधाचा थेंबही नसतो!

आमच्या घरात हा विषय आला तो धाकट्या भाच्यामुळे. त्याला दुधाची ॲलर्जी आहे. आता सहा वर्षांचा आहे. कुणाच्याही घरी जेवायला बसला की प्रत्येक वाटीकडे बोट दाखवून विचारतो, "यात दूध आहे?" आणि दर वेळी कुणीतरी प्रेमळ माणूस म्हणतंच, "अरे, एवढ्याशा दह्यानं काय होतंय!"

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर मोठेपणी अनेकांच्या शरीरात कमी होतं. मग दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं. विरजणात ही साखर काहीशी कमी होते, त्यामुळे अशा पुष्कळ माणसांना दही चालतं. ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते. ती दह्यात असतात, ताकात असतात, आणि कढवलेल्या तुपातही अंशमात्र राहू शकतात. अंगावर गांधी येण्यापासून ते श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. तिथे 'एवढंसं' हा शब्द नाहीच. आत्या, मावशी, काकू, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. रागावू नका, पण हे तुमच्यासाठीच लिहिलंय.

बरं, मग दह्याऐवजी काय? आजकाल शहरांत बदामाचं, सोयाचं दही मिळतं. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर आणावं. पण माझं मत विचाराल तर दह्याची नक्कल करण्याची गरजच नाही. नक्कल केली की तुलना आली, आणि तुलनेत दही जिंकणारच. त्यापेक्षा कोशिंबिरीत दही करतं तरी काय ते पाहावं. ते आंबटपणा देतं, फोडींना धरून ठेवेल असा दाटपणा देतं आणि मिरचीची धार बोथट करतं. ही तिन्ही कामं करणारे जिन्नस आपल्या फडताळात पूर्वीपासून आहेत. आंबटाला लिंबू, चिंच, कोकम, कैरी. दाटपणाला दाणे, तीळ, खोबरं. मिरचीची धार सांभाळायला याच जिन्नसांतलं तेल आणि जोडीला गुळाचा खडा. खमंग काकडी आठवा. दाण्याचं कूट, लिंबू, ओलं खोबरं, वरून फोडणी. फक्त तुपाऐवजी तेलाची करायची. गोव्याकडचं सासव आठवा. ओलं खोबरं, मोहरी, मिरची आणि गूळ वाटून त्यात आंबा किंवा अननस. याला कुणी 'डेअरी फ्री ड्रेसिंग' म्हणत नाही एवढंच.

माझ्याकडे हल्ली दर आठवड्याला होतं ते असं. अर्धी वाटी भाजून सोललेले दाणे मिक्सरमधून तेल सुटेपर्यंत वाटायचे. त्यात दोन चमचे लिंबाचा रस, मीठ, अर्धी हिरवी मिरची, सुपारीएवढा गूळ. मग थोडं थोडं पाणी. पहिल्या चमच्याला मिश्रण सैल होण्याऐवजी उलट घट्ट होतं. घाबरू नका, पाणी घालत राहा, साईसारखं सरसरीत होतं. शेवटी पाव चमचा फेसलेली मोहरी. मोहरीची पूड चमचाभर पाण्यात फेसून दहा मिनिटं तशीच ठेवायची, नाकात झिणझिण्या आल्या पाहिजेत. लिंबू नंतर. आधीच आंबट पडलं तर मोहरी हवी तशी चढत नाही. मोहरीने नुसती चव येत नाही, तेल आणि पाणी एकजीव राहायलाही मदत होते. काकडी, कोबी, गाजर, उकडलेलं बीट, कशावरही घाला. मीठ लागलं की काकडीला पाणी सुटतं, म्हणून कालवायचं मात्र अगदी पानं वाढताना.

दाण्यांचीही ॲलर्जी असू शकते, तेव्हा पाहुण्यांना आधी विचारावं. चालत नसतील तर खोबऱ्याचं करावं, पण ते त्याच दिवशी संपवावं. मिक्सरच्या भांड्यात आधी ताक घुसळलं असेल तर ते स्वच्छ घासून घ्यावं. आणि विकतचा डबा किंवा बाटली आणलीच तर मागची बारीक अक्षरं वाचावीत. आपल्याकडे 2020 च्या नियमांनुसार दुधासारख्या ॲलर्जी करणाऱ्या घटकांची नोंद पाकिटावर करावी लागते.

"पण दह्याची सर नाही हो याला," असं एका नातलगांनी ऐकवलं. नाहीच. आणि दह्याला दाण्याची सर नाही. मला स्वतःला दही अतिशय आवडतं आणि मी ते सोडलेलं नाही. माझा आग्रह इतकाच आहे की दहा माणसांच्या पंगतीत एकाला दूध वर्ज्य असेल, तर कोशिंबीर सगळ्यांनाच बिनदुधाची करावी. वेगळी वाटी करायला कमी कष्ट पडतात असं नाही. वाढताना चमचे एकमेकांत जातात, ही भीती असतेच. शिवाय पोरगं आपल्या ताटाकडे बघतं आणि मग इतरांच्या. ते बघणं मला आवडत नाही.

सण आला की आपण उपासवाल्यांसाठी किती निगुतीने वेगळं रांधतो! ती निगुती घरात आहेच, ती थोडी इकडेही वळवायची. तुमच्याकडे दह्याशिवाय काय काय कालवतात ते जरूर कळवा. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या मंडळींकडून जवसाचं आणि कारळ्याचं काहीतरी येईल, अशी मला फार आशा आहे.